रानांतला पहारेकरी आणि त्याची शिदोरी

आपल्या देशांत 2022 सालीं जी व्याघ्रगणना झाली, तिचे आंकडे वर्तमानपत्रांतून आपल्या वाचनांत आले असतील. 32,588 ठिकाणीं कॅमेरे लावले होते. त्यांनीं 4,70,81,881 छायाचित्रें घेतलीं. त्यांपैकीं 97,399 चित्रांत वाघ होता, आणि अंगावरील पट्ट्यांवरून निरनिराळे म्हणून ओळखतां आले असे वाघ 3,080 भरले. आंकडे मोठे आहेत, व ते ऐकून मनास समाधान वाटतें. परंतु त्यांच्यामागें एक साधा प्रश्न उभा आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाहीं. जवळ माणूस नसतां, झाडाच्या बुंध्याला बांधलेली ती लहानशी पेटी रात्रंदिवस जागी राहते ती कशाच्या बळावर? आणि ज्या रात्रीं ती जागी नसते, त्या रात्रीचा हिशेब कोण ठेवतो?

या पेटीस वनखात्यांतले लोक 'ट्रॅप कॅमेरा' म्हणतात. आपण तिला पाळतीचा कॅमेरा म्हणूं. हा एक पहारेकरीच होय, आणि कोणत्याही पहारेकऱ्याप्रमाणें त्यालाही शिदोरी लागते. ती शिदोरी म्हणजे बॅटरी. या यंत्राचा सुमारें दीडशें वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ध्यानांत येते कीं, भिंग सुधारलें, कांच जाऊन फिल्म आली, फिल्म जाऊन तीही नाहींशी झाली. परंतु यंत्राची मर्यादा प्रत्येक वेळीं त्याच्या शिदोरीनेंच ठरविली.

ज्याचें चित्र काढावयाचें त्यानेंच कळ दाबावी, ही या यंत्रामागची मूळ कल्पना. ती रानांत निघाली नाहीं; घोड्यांच्या धावपट्टीवर निघाली. धांवत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणीं जमिनीपासून सुटतात कीं नाहीं, असा एक वाद अमेरिकेंत होता. 1878 सालीं कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानें बारा कॅमेरे एका ओळीनें मांडले व वाटेवर आडवे दोरे ताणले. घोडा धांवतां धांवतां दोरा तोडी, आणि त्याच क्षणीं त्या कॅमेऱ्याची झडप उघडून मिटे. चारही पाय सुटतात, हें त्या चित्रांनीं सिद्ध झालें. तो दोरा पुढें रानांत गेला.

मात्र रान अंधारांत जागें असतें, आणि अंधारांत चित्र निघावयास उजेड हवा. 1887 सालीं जर्मनींत मीथे आणि गेडिके या दोघांनीं मॅग्नेशियमची भुकटी व पोटॅशियम क्लोरेट यांच्या मिश्रणापासून क्षणांत भडकणारी प्रकाशाची दारू तयार केली. तिचा रानांत सर्वांत नांवाजलेला उपयोग केला तो जॉर्ज शिरास या अमेरिकन गृहस्थानें. हे पेशानें वकील; एकदां अमेरिकन काँग्रेसचे सभासदही होते. मिशिगन राज्यांतील मार्केट शहराजवळ व्हाइटफिश नांवाचें तळें आहे, तेथें ते लहानपणापासून शिकारीस जात. होडीच्या टोकाला दिवा ठेवून काठावरच्या हरणास दिपवावयाचें व गोळी घालावयाची, ही तेथील मूळच्या ओजिब्वे लोकांची रीत. शिरास यांनीं बंदुकीच्या जागीं कॅमेरा ठेवला. पुढें काठावर दोर ताणून, आपण स्वतः हजर नसतांनाही जनावराकडूनच चित्र काढविण्याची युक्ति त्यांनीं साधली. 1906 सालच्या जुलै महिन्यांत 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकानें त्यांचीं 74 चित्रें एकाच अंकांत छापलीं. विद्वानांच्या मासिकाचें हें चित्रांचें पुस्तक झालें, असें म्हणून त्या संस्थेच्या दोन संचालकांनीं राजीनामे दिले! आज त्याच मासिकाची कीर्ति मुख्यतः चित्रांवर उभी आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. संयुक्त प्रांताच्या वनखात्यांत फ्रेडरिक वॉल्टर चँपियन नांवाचे एक अधिकारी होते. बंदुकीपेक्षां त्यांना कॅमेरा प्रिय. शिवालिकच्या टेंकड्यांत वाघ रोज त्याच वाटेनें येतो-जातो, हें त्यांनीं हेरलें होतें. त्या वाटेवर त्यांनीं बारीक तार ताणली, दोहों बाजूंस कॅमेरे व प्रकाशाची दारू मांडली, आणि वाघाच्याच पायानें वाघाचें चित्र निघालें. 1925 च्या ऑक्टोबरांत हीं चित्रें लंडनच्या एका प्रसिद्ध सचित्र साप्ताहिकांत आलीं, आणि 1927 सालीं त्यांचा 'विथ अ कॅमेरा इन टायगरलँड' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चँपियन यांनीं आणखी एक गोष्ट जाणली. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात; म्हणजे चित्रावरून हा वाघ कोणता हें सांगतां येतें. त्याच 1927 सालीं पनामांतील बारो कोलोराडो बेटावर फ्रँक चॅपमन हे पक्षिशास्त्रज्ञ अशाच तारा ताणून आपल्या पायवाटेनें रात्रीं कोण कोण जातें याची नोंद करीत होते. जणूं एकाच वेळीं जगाच्या दोन टोंकांस रानाचा हजेरीपट उघडला गेला.

या पहिल्या पिढीच्या यंत्रांस शिदोरीची चिंता फारशी नव्हती. ताणलेली तार कांहीं खात नाहीं. ती महिनाभर ताणलेली राहिली तरी तिचें कांहीं खर्चत नाहीं. जेथें विजेचा उपयोग केलेला असे, तेथेंही सेलचें काम एवढेंच कीं भुकटीला ठिणगी द्यावी. परंतु त्या सोयीची किंमत दुसरीकडे मोजावी लागे. दारू एकदां भडकली कीं संपली. रात्रींतून चित्र एकच. पहिल्या प्रहरीं एखादें रानडुक्कर तारेंत पाय घालून गेलें, तर पहांटे येणारा वाघ अंधारांतून निर्वेध निघून जाई. शिवाय दुसऱ्या दिवशीं माणसानें जाऊन सर्व मांडणी पुन्हां करावयाची. म्हणजे यंत्र स्वस्थ उभें, आणि धीर मात्र माणसानें धरावयाचा.

दरम्यान शिदोरीचें शास्त्र निराळ्या वाटेनें चाललें होतें. 1866 सालीं फ्रान्सांतील जॉर्ज लक्लांशे यानें जस्त व कार्बन यांचा जो घट केला, तो द्रवाचा होता. कलंडला कीं सांडे. 1886 सालीं जर्मनींतील कार्ल गासनर यानें त्यांतील द्रव घट्ट लगद्यांत जिरवून सर्व जस्ताच्या डबींत बंद केलें, आणि कोरडा सेल जन्मास आला. आपल्या घरांतील टॉर्चचे सेल त्याचेच वंशज. 1959 सालापासून लुइस अरी या कॅनेडियन रसायनशास्त्रज्ञानें सिद्ध केलेला अल्कलाइन सेल बाजारांत आला. तो त्याच आकारांत पुष्कळ अधिक वीज सांठवी. ज्यास आपण पेन्सिल सेल म्हणतों, ते आज या जातीचेही मिळतात. एवढी तयारी झाल्यावर पहारेकऱ्यास खरोखर जागें ठेवणें शक्य झालें.

1990 च्या सुमारास तारेची जागा अवरक्त किरणांनीं घेतली. हे किरण डोळ्यांस दिसत नाहींत, परंतु उष्णतेबरोबर ते प्रत्येक शरीरांतून बाहेर पडत असतात. एका प्रकारच्या यंत्रांत वाटेच्या एका बाजूनें दुसऱ्या बाजूस असा किरण सोडलेला असतो. जनावरानें तो अडविला कीं चित्र निघतें. दुसऱ्या प्रकारांत यंत्र स्वतः कांहीं सोडीत नाहीं. समोरून सभोंवतालापेक्षां निराळ्या उष्णतेचें कांहीं हललें तर तें जाणतें. आज हाच दुसरा प्रकार सर्वत्र आहे. तारेपेक्षां हें सर्व परीनें सरस, यांत शंका नाहीं. परंतु आतां पहारेकरी डोळे उघडे ठेवून बसला, आणि डोळे उघडे ठेवावयास क्षणोक्षणीं अन्न लागूं लागलें.

याच काळांत कर्नाटकांतील नागरहोळेच्या जंगलांत डॉ. उल्हास कारंत यांनीं चँपियन यांच्या निरीक्षणास गणिताची जोड दिली. त्यांचा निबंध 1995 सालीं प्रसिद्ध झाला. पद्धत मूळची मासे व पक्षी मोजण्याची. समजा, पहिल्या फेरींत दहा निरनिराळे वाघ चित्रांत आले. दुसऱ्या फेरींतही दहा आले, आणि त्यांपैकीं पांच पूर्वीं पाहिलेले निघाले. म्हणजे ओळखीचे दहा वाघ हे एकूण वाघांच्या निम्मे असले पाहिजेत. अर्थात् रानांत सुमारें वीस वाघ आहेत. प्रत्यक्ष गणित याहून पुष्कळ सूक्ष्म आहे, पण गाभा हाच. याचा मोठा गुण असा कीं, जे वाघ दिसले नाहींत त्यांचाही अंदाज येतो. मात्र त्यासाठीं एक अट आहे: प्रत्येक कॅमेरा किती रात्री जागा होता हें बिनचूक ठाऊक पाहिजे.

या अटीचें महत्त्व आपल्या देशास फार महाग पडून कळलें. पूर्वी आपल्याकडे वाघ मोजीत ते पावलांच्या ठशांवरून. 1972 सालीं या पद्धतीनें देशांत 1,827 वाघ मोजले गेले आणि 1973 सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पुढें अनेक वर्षें ठशांचे आंकडे येत राहिले. राजस्थानांतील सरिस्का येथेंही कागदावर वाघ होते. पण 2005 सालीं शोध घेतां रानांत एकही उरला नसल्याचें निष्पन्न झालें. चोरट्या शिकाऱ्यांनीं जंगल रिकामें केलें, तरी कागद भरलेलाच राहिला. त्यानंतर चौकशी समिती बसली, पद्धत बदलली, आणि 2006 पासूनच्या देशव्यापी गणनेंत कॅमेऱ्यास मानाचें स्थान मिळालें. पट्टे डाव्या व उजव्या कुशीवर निराळे असल्यानें वाटेच्या दोहों बाजूंस एकेक असे जोडीनें कॅमेरे बसवितात, आणि कांहीं आठवडे ते तेथेंच राहतात.

सरिस्क्याचा दोष असा होता कीं, नसलेला वाघ कागदावर दिसत होता. पाळतीच्या कॅमेऱ्याचा धोका याच्या अगदीं उलट आहे. त्याची शिदोरी संपली तर असलेला वाघ कागदावरून नाहींसा होतो, आणि झालेली चूक कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. कारण मेलेला कॅमेरा तक्रार करीत नाहीं.

म्हणून कॅमेरा निवडणाऱ्यानें शिदोरीचा हिशेब आधीं मांडावा. हिशेब कठीण नाहीं. चौथी इयत्तेंतील मुलासही तो येईल. समजा, सेलच्या एका संचांत 2,000 मिलिअँपिअर-तास इतका सांठा आहे. नुसतें जागें राहावयास यंत्र 0.2 मिलिअँपिअर घेतें असें धरूं. म्हणजे दिवसास सुमारें 5 खर्च. रात्रींच्या एका चित्रास, प्रकाश पाडण्याच्या खर्चासह, अर्धा धरूं. रात्रींतून वीस चित्रें निघालीं तर 10 आणि 5 मिळून 15 झाले. सांठा 133 दिवस पुरेल. आतां त्याच यंत्रास चित्रांऐवजीं दहा-दहा सेकंदांचे चलत्पट घ्यावयास सांगितलें, तर दर वेळीं सुमारें 2.8 खर्च होईल. दिवसाचा खर्च 61 वर जाऊन सांठा 33 दिवसांत संपेल. आणि कॅमेऱ्यासमोरचें गवत कापलें नाहीं, तें उन्हानें तापून वाऱ्यावर हलत राहिलें, आणि संध्याकाळपासून पहांटेपर्यंत दोनशें चित्रें निघालीं, तर एकोणिसाव्या दिवशीं पहारेकरी झोंपला! हे आंकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. प्रत्येक यंत्राचे आंकडे त्याच्या पत्रकांत पाहावे. परंतु तात्पर्य बदलत नाहीं. विळा घेऊन दहा मिनिटें गवत कापणें हा बॅटरी टिकविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सेलच्या जातींचाही विचार केला पाहिजे. अल्कलाइन सेलचा जोर वापरागणिक हळूहळू उतरत जातो. दिवसां चित्र घ्यावयास थोडी वीज पुरते; रात्रीं प्रकाश पाडावयास एकदम मोठा प्रवाह लागतो. त्यामुळें अर्धवट उतरलेल्या सेलवर कॅमेरा दिवसां चालतो आणि रात्रीं मुका होतो. मोर, माकडें, गुरें यांचीं चित्रें येत राहतात, कॅमेरा चालू आहे अशी सर्वांची समजूत राहते. आणि वाघ-बिबट्यांची वेळ तर रात्रीची! यासारखी फसवी स्थिति दुसरी नाहीं. पुन्हां भरतां येणाऱ्या निकेल जातीच्या सेलचा दाब 1.5 ऐवजीं 1.2 व्होल्ट असतो, पण तो शेवटपर्यंत बराच स्थिर राहतो. पूर्वी हे सेल नुसते पडून राहिले तरी आपोआप उतरत. 2005 पासून कमी उतरणारी जात निघाली आहे, तीच घ्यावी. मात्र आपला कॅमेरा 1.2 व्होल्टवर नीट चालतो कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वीं पाहावें. न भरतां येणारे लिथियम सेल महाग, पण वजनानें हलके व थंडीस दाद न देणारे. शून्याखालीं चाळीस अंशांतही ते काम देतात. लडाखांत हिमबिबट्याची पाळत ठेवणारास दुसरा चांगला पर्याय नाहीं. जुना व नवा सेल एकाच संचांत कधींही घालूं नये. दुबळा बैल जोडीस बांधला म्हणजे सशक्त बैलही फुकट जातो.

कॅमेऱ्याच्या प्रकाशाचाही असाच विचार आहे. पांढरा झगझगीत प्रकाश पट्टे स्पष्ट दाखवितो, पण जनावरास बुजवितो, वीज अधिक खातो, व पुन्हां सज्ज व्हावयास वेळ घेतो; तेवढ्यांत आईमागून येणारा बछडा निसटतो. अवरक्त प्रकाश जनावरास फारसा बुजवीत नाहीं, पण चित्र रंगहीन व कांहींसें अंधुक येतें. वाघ मोजावयाचे तर पांढरा प्रकाश. उंसाच्या फडाशेजारच्या शेतघरीं बिबट्या येतो कीं काय एवढेंच पाहावयाचें, तर अवरक्त पुरे. आपल्याकडील उन्हाळ्याची एक निराळी अडचण आहे. जमीनच जेव्हां जनावराच्या अंगाइतकी तापते, तेव्हां उष्णतेचा फरक ओळखणारा डोळा मंदावतो. अशा दिवसांत कॅमेरा सावलींत व वाटेच्या अधिक जवळ हवा. आणि उगवत्या-मावळत्या सूर्याकडे त्याचें तोंड कधींही करूं नये.

तरीही सेल केव्हां तरी संपणारच. मग काय करावें? माझें सारें आयुष्य शाळेंत गेलें, आणि रोज सकाळीं पहिलें काम हजेरी घेण्याचें. हजेरीपटांत तीन तऱ्हेचे रकाने असतात: हजर, गैरहजर, आणि कोरा. कोरा रकाना म्हणजे त्या दिवशीं हजेरीच घेतलेली नाहीं. जो मास्तर कोऱ्या रकान्यास गैरहजर समजून महिन्याची बेरीज करील, तो मुलावर अन्याय करील. कॅमेऱ्याचा हिशेब नेमका असाच आहे. जागा असतांना वाघ आला नाहीं, ती गैरहजेरी. कॅमेराच झोंपला होता, तो कोरा रकाना.

हा भेद राखण्याचा उपाय अगदीं सोपा आहे. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांस नेमल्या वेळीं आपण होऊन चित्र घ्यावयास सांगतां येतें. रोज दुपारीं बारा वाजतां एक चित्र घे, एवढी आज्ञा त्यास द्यावी. दिवसाच्या चित्रास वीज नगण्य लागते. पुढें चित्रें तपासतांना ज्या दिवसापासून बाराचें चित्र नाहीं, त्या दिवसापासून पहारा नव्हता असें धरावें व तितके दिवस हिशेबांतून वगळावे. रात्रींचा मुकेपणा मात्र या चित्रानें कळत नाहीं. त्यासाठीं मध्यरात्रींचेंही एक घ्यावें. अर्ध्या मिलिअँपिअर-तासांत पहारेकऱ्याची साक्ष मिळते, ही काय थोडी स्वस्ताई झाली?

सह्याद्रींत कोयना व चांदोली यांच्या दाट रानांत 2010 सालीं व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. तेथें कांहीं वर्षें कॅमेऱ्यांत वाघ दिसला नव्हता. येथें वाघ नाहींच, असें म्हणणारेही होते. 2018 सालीं वाघ कॅमेऱ्यासमोरून गेला, आणि त्याचें चित्र मिळालें. त्या रात्रीं त्या एका पेटींतील सेल उतरलेले असते तर? वाघ तसाच चालत गेला असता, रानही तेंच राहिलें असतें. पण कागदावर आणखी एक शून्य पडलें असतें, आणि अशा शून्यांच्या आधारावर रानाचें भवितव्य ठरवावयास माणसें कधींही तयार असतात.

2022 च्या गणनेंत सुमारें 480 चित्रांमागें एक चित्र वाघाचें होतें. त्या एका चित्रासाठीं बाकीच्यांचा खर्च सोसावा लागतो, आणि त्या क्षणापर्यंत पहारेकऱ्यानें उपाशी राहतां कामा नये. म्हणून श्रोतेहो, अमुक रानांत वाघ नाहीं असें जेव्हां कोणी आपणांस सांगेल, तेव्हां एवढेंच विचारावें कीं, आपले कॅमेरे तेथें किती रात्री जागे होते? उत्तर आंकड्यांत मिळालें तर त्यावर विश्वास ठेवावा. न मिळालें तर तो रकाना तूर्त कोराच समजावा. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.